जुना ऑटो कॅमेरा: तो आपल्या वतीने काय ठरवतो आणि कुठे फसतो

खिशात मावणारे, समोर धरून बटण दाबले की काम झाले अशा बेताचे ३५ मि.मी. फिल्मचे कॅमेरे १९८० नंतरच्या दोन-अडीच दशकांत कोट्यवधींच्या संख्येने विकले गेले. पुढे डिजिटल कॅमेरे आले, त्यांच्या पाठोपाठ फोन आले आणि हे सगळे कॅमेरे माळ्यावर, कपाटाच्या तळाशी किंवा जुन्या बाजारात जाऊन पडले. आज त्यांना पुन्हा मागणी आहे. काही मोजक्या नावांच्या किमती कल्पनेबाहेर चढल्या आहेत, पण त्याच काळातले, तितकीच चांगली लेन्स असलेले अनेक कॅमेरे अजूनही दोन-तीन रोलच्या किमतीत मिळतात. हा लेख त्या दुसऱ्या गटाविषयी आहे.

सुरुवातीलाच एक हिशेब लक्षात घेतला पाहिजे. कॅमेरा एकदाच विकत घ्यायचा असतो, पण रोल, तो धुण्याचा खर्च आणि स्कॅनिंग हे दर ३६ फोटोंमागे पुन्हा पुन्हा येते. त्यामुळे अगदी कवडीमोलाने मिळालेल्या पण रोल वाया घालवणाऱ्या कॅमेऱ्याची खरी किंमत दोन-तीन रोलमध्येच वसूल होते, आणि ती खरेदी करणाऱ्याच्या खिशातून होते. म्हणून असा कॅमेरा निवडताना त्याच्या नावापेक्षा तो आतून कसा चालतो हे समजून घेणे जास्त उपयोगाचे ठरते. या कॅमेऱ्यावर शटरचा वेग किंवा ॲपर्चर (लेन्समधल्या छिद्राचा आकार) ठरवण्याची चक्री नसते. फोकस, प्रकाश आणि फ्लॅश या तिन्ही गोष्टी तो स्वतः ठरवतो आणि काय ठरवले ते बहुधा सांगतही नाही. तो कशाच्या आधारावर ठरवतो हे माहीत असले की तो कुठे फसेल याचा अंदाज आधीच बांधता येतो.

फोकसपासून सुरुवात करू. सर्वांत साध्या कॅमेऱ्यांत फोकस होतच नाही. लेन्स कारखान्यातच एका ठरावीक अंतरावर पक्की केलेली असते. ३५ मि.मी.ची लेन्स एफ/८ एवढी बारीक (एफपुढचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) ठेवून पाच मीटरवर पक्की केली, तर साधारण अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट दिसते. युक्ती चांगली आहे, पण तिच्यासाठी छिद्र कायम लहान ठेवावे लागते, म्हणजे भरपूर ऊन किंवा फ्लॅश यांच्याशिवाय गत्यंतर राहत नाही. शिवाय दीड मीटरवरच्या माणसाचा चेहरा कायम थोडा मऊच येणार. या वर्गातले काही कॅमेरे तर निव्वळ देखाव्याचे असतात: बाहेरून मोठी लेन्स, आत प्लास्टिकचे छोटे भिंग आणि हातात भारदस्त वाटावे म्हणून बुडाशी बसवलेली लोखंडी पट्टी. जड म्हणजे दर्जेदार हा समज येथे सोडून द्यावा.

मोठ्या प्रमाणावर बनलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा म्हणजे १९७७ चा कोनिका सी३५ एएफ. त्यात हनीवेल कंपनीची एक यंत्रणा वापरली होती, जी दोन छोट्या खिडक्यांतून येणाऱ्या प्रतिमा एकमेकींशी ताडून अंतर काढत असे. दोन वर्षांनी, १९७९ मध्ये, कॅननने एएफ३५एम आणला. त्याची पद्धत वेगळी होती: कॅमेऱ्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण बाहेर पडतो, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि तो कोणत्या कोनातून परतला यावरून अंतर ठरते. पुढच्या काळातल्या बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांनी हीच दुसरी पद्धत उचलली. पुढच्या बाजूला व्ह्यूफाइंडरच्या (डोळा लावून पाहायच्या खिडकीच्या) आजूबाजूला दोन लहान गडद खिडक्या दिसल्या, तर त्या बहुधा याच कामाच्या असतात, आणि बोट किंवा पट्टा त्यांच्यावर आला की फोकस गेला म्हणून समजावे.

किरण सोडणाऱ्या या पद्धतीचे गुण आणि दोष दोन्ही तिच्या स्वभावातच आहेत. अंधारात ती उत्तम चालते, कारण तिला बाहेरच्या उजेडाची गरज नसते. पण खिडकीच्या काचेतून फोटो काढताना किरण काचेवरूनच परत येऊ शकतो आणि बाहेरचा डोंगर धूसर होतो. बराच दूरचा देखावा असेल तर किरण परत येतच नाही. तेव्हा कॅमेरा वस्तू अनंत अंतरावर आहे असे धरतो, जे योग्यच असते. काळेभोर कापड किरण शोषून घेते, तेव्हाही तो तेच धरतो, आणि ते चूक असते. सर्वांत नेहमीचा अपघात मात्र निराळाच आहे. दोन माणसे शेजारी उभी असतात, किरण दोघांच्या मधल्या फटीतून मागच्या भिंतीवर जातो आणि फोटोत भिंतीची प्रत्येक वीट मोजता येते, माणसे मात्र पुसट. उपाय सोपा आहे: मधली खूण एका माणसावर धरून बटण अर्धे दाबायचे, ते तसेच दाबून ठेवत चौकट पुन्हा जुळवायची आणि मग पूर्ण दाबायचे. अर्धे दाबून फोकस अडकवून ठेवण्याची ही सोय बहुतेक ऑटोफोकस कॅमेऱ्यांत असते, पण ती वापरणारे थोडेच असतात.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. या कॅमेऱ्यांत शटर लेन्सच्या आतच असते आणि पुष्कळदा शटरची पातीच ॲपर्चरचेही काम करतात. भरपूर ऊन असेल तर पाती थोडीशी उघडून झटकन मिटतात. उजेड कमी होईल तशी ती जास्त उघडतात आणि जास्त वेळ उघडी राहतात. वेग आणि छिद्र यांची जोडी एका ठरलेल्या क्रमाने बदलते, म्हणून मागची पार्श्वभूमी धूसर करायची की नाही हे आपल्या हातात नसते. हे मान्य नसेल त्याने या कॅमेऱ्यांच्या वाटेला जाऊ नये; दुसऱ्या प्रकारचे चांगले कॅमेरे मुबलक आहेत.

प्रकाश मोजायचा तर आत कोणत्या वेगाची फिल्म आहे हे कॅमेऱ्याला कळले पाहिजे. त्यासाठी कोडॅकने १९८३ मध्ये डीएक्स कोडची पद्धत आणली. रोलची डबी हातात घेऊन पाहिली तर तिच्या अंगावर चंदेरी आणि काळ्या चौकोनांची एक पट्टी दिसते: सहा-सहाच्या दोन ओळी, एकूण बारा चौकोन. चंदेरी म्हणजे उघडा धातू, त्यातून वीज जाते. काळ्यावर रंग असल्याने जात नाही. दोन्ही ओळींतला पहिला चौकोन नेहमी उघडा असतो, तो जोडणीचा. पहिल्या ओळीतले उरलेले पाच फिल्मचा आयएसओ (म्हणजे वेगाचा आकडा) सांगतात, दुसऱ्या ओळीतले तीन फोटोंची संख्या आणि शेवटचे दोन फिल्म किती कमी-जास्त प्रकाश सोसेल ते. कॅमेऱ्याच्या डबी ठेवण्याच्या खाचेत काही बारीक धातूच्या पिना असतात आणि त्या या चौकोनांना टेकतात. येथेच स्वस्त आणि महाग कॅमेऱ्यांतला फरक डोळ्यांनी मोजता येतो. पिना पाच-सहा असतील तर कॅमेरा बहुतेक सगळे आयएसओ ओळखतो. दोनच असतील तर तो फक्त ‘मंद’ की ‘जलद’ एवढेच विचारतो, म्हणजे १०० किंवा ४००, आणि मधला २०० तो यांपैकी एकात ढकलून देतो. पिना अजिबात नसतील तर रोल कोणताही घाला, त्याच्या लेखी सारखाच.

सुदैवाने रंगीत निगेटिव्ह फिल्म प्रकाश जास्त झाला तर फारशी तक्रार करत नाही. कमी झाला तर मात्र सावल्यांचा चिखल होतो. म्हणून ४०० चा रोल १०० समजून वापरला गेला तरी फोटो बहुधा चांगले येतात, उलटे झाले तर नाही. मुदत संपलेले रोल वापरणाऱ्यांना हे जास्त लागू आहे. दर दहा वर्षांना प्रकाश दुप्पट द्यावा असा ढोबळ नियम सांगितला जातो, पण ज्या कॅमेऱ्यावर आयएसओ बदलण्याची चक्रीच नाही त्यात तो पाळायचा कसा? डबीवरच्या कोडच्या पट्टीवर साधी चिकटपट्टी लावून तो झाकला की बहुतेक कॅमेरे आयएसओ १०० धरून चालतात. चारशेचा, वीस वर्षे जुना रोल असेल तर एवढ्यानेच हिशेब जुळतो. ज्या डब्यांवर कोडच नसतो, उदाहरणार्थ हाताने भरलेल्या, त्यांचेही असेच होते.

तिसरी गोष्ट फ्लॅश, आणि माझ्या मते या कॅमेऱ्यांबद्दलच्या निम्म्या तक्रारींचे मूळ तेथे आहे. उजेड जरा कमी वाटला की फ्लॅश आपोआप उडतो. तो किती लांब पोचतो याचे गणित साधे आहे: फ्लॅशचा गाइड नंबर (त्याची ताकद सांगणारा आकडा) भागिले ॲपर्चर. लहान कॅमेऱ्यातल्या फ्लॅशचा गाइड नंबर आयएसओ १०० ला १२ धरला आणि लेन्स एफ/२.८ असली तर पोच चार मीटरांच्या आसपास येते. ४०० चा रोल घातला तर दुप्पट, आठ मीटर. त्यापुढे काही नाही. सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून रंगमंचावर उडवलेला फ्लॅश फक्त पुढची चार डोकी उजळवतो. संध्याकाळच्या नदीवर उडवलेला फ्लॅश तर कोणालाच काही देत नाही, उलट कॅमेरा फ्लॅशच्या भरवशावर शटर लवकर मिटतो आणि होता तो उजेडही हातचा जातो. म्हणून फ्लॅश बंद करण्याचे बटण आहे का, हे खरेदीपूर्वी पाहावेच. पुष्कळ कॅमेरे बंद करून पुन्हा चालू केले की ही निवड विसरतात आणि आपोआप फ्लॅशवर येतात, त्यामुळे ते बटण दर वेळी दाबण्याची सवय लावून घ्यावी लागते. उन्हात टोपीच्या सावलीतला चेहरा उजळवायचा असेल तेव्हा मात्र फ्लॅश जबरदस्तीने चालू करण्याची सोय फार उपयोगी पडते. फ्लॅशआधी लुकलुकणारा दिवा डोळ्यांची बुबुळे लहान करून लाल डोळे टाळण्यासाठी असतो, पण तोवर हसू मावळलेले असते. मी तो बंद ठेवणे पसंत करतो.

झूम की बिनझूम, हा प्रश्न याच गणिताने सुटतो. पहिला झूम असलेला छोटा कॅमेरा पेंटॅक्सने १९८६ मध्ये आणला, ३५ ते ७० मि.मी.चा. पुढे स्पर्धा वाढली तशी लेन्स लांब होत गेली आणि तिची किंमत उजेडात मोजावी लागली. समजा, एखादी लेन्स ३८ मि.मी.ला एफ/४ आणि १२० मि.मी.ला एफ/१० आहे. लांब टोकाला फिल्मवर पोचणारा प्रकाश सहापटीहून कमी होतो. आयएसओ २०० चा रोल घालून झाडाच्या सावलीत उभे राहिले तर तेथे शटर सुमारे १/३० सेकंद उघडे राहील, आणि १२० मि.मी.ची लेन्स हातात स्थिर धरायला किमान १/१२५ तरी हवे. फोटो हलणारच. फ्लॅशची पोचही त्याच टोकाला, आयएसओ १०० धरला तर, सव्वा मीटरवर येते. म्हणून लांब झूमचे कॅमेरे आज सर्वांत स्वस्त मिळतात. ते टाकाऊ नाहीत. रुंद टोकाला ठेवून ४०० चा रोल घातला तर त्यांतले अनेक सुरेख चालतात. पण पर्याय असेल तर २८ ते ३८ मि.मी.दरम्यानची, एफ/२.८ ते एफ/४ ची एकच स्थिर लेन्स असलेला कॅमेरा घ्यावा, मग त्यावरचे नाव कोणतेही असो.

नावाचा विषय निघालाच आहे. ऑलिंपस म्यू-२ (१९९७, ३५ मि.मी. एफ/२.८), यशिका टी४ (१९९०, कार्ल झाइसची टेसर लेन्स) आणि कॉन्टॅक्स टी२ (१९९०, टायटॅनियमचे अंग, झाइसची सोनार लेन्स) हे कॅमेरे उत्तम आहेत यात शंका नाही. मात्र म्यू-२ हा त्याच्या काळी सर्वसामान्यांसाठी काढलेला प्लास्टिकचा कॅमेरा होता. त्यातली मोटर आणि विद्युत जोडण्या इतर कोणत्याही कॅमेऱ्याइतक्याच म्हाताऱ्या झाल्या आहेत, आणि त्या बिघडल्या तर सुटे भाग बनत नाहीत. मोठी रक्कम मोजून घेतलेली वस्तू उद्या अचानक थांबू शकते, हा धोका स्वस्त कॅमेऱ्यात परवडतो, महागात नाही. ज्यांना संग्रहच करायचा आहे त्यांनी निकॉन एल३५एएफ (१९८३) सारखे ऐंशीच्या दशकातले ठोकळ्यासारखे कॅमेरे पाहावेत. त्यांची लेन्स चांगली असते, साधे पेन्सिल सेल चालतात आणि दिसायला ओबडधोबड असल्यामुळे गर्दी कमी असते. विजेशिवाय चालणारे हवे असेल तर ऑलिंपस ट्रिप ३५ आहे: १९६७ ते १९८४ इतका दीर्घकाळ बनला, लेन्सभोवतीच्या सेलेनियमच्या कड्यावर उजेड पडला की तेवढ्यावर त्याचे प्रकाश मोजणारे मीटर चालते. त्यात फोकसचे अंतर मात्र हातानेच लावावे लागते.

प्रत्यक्ष खरेदीच्या वेळी सेल सोबत न्यावेत. पेन्सिल सेल घेणारे कॅमेरे सोपे. बाकीच्यांना बहुधा सीआर१२३ए किंवा सीआर२ हे तीन व्होल्टचे लिथियम सेल लागतात, काहींना २सीआर५ हा सहा व्होल्टचा जोडसेल. ते अजून बनतात. ऐंशीच्या दशकातल्या काही कॅमेऱ्यांत सेल आतच बसवलेला असतो आणि बदलण्यासाठी कॅमेरा उघडावा लागतो. असा कॅमेरा फुकट मिळाला तरच घ्यावा. सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर ती सेल गळल्याची खूण आहे. थोडी असेल तर अल्कलाइन सेलची पूड व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसून निघते, पण गंज आत तारेपर्यंत गेला असेल तर ते वरून दिसत नाही.

सेल घातल्यावर मागचे दार उघडे ठेवूनच कॅमेरा उजेडाकडे धरावा आणि बटण दाबावे. लेन्सच्या मागून पाहिले तर शटर क्षणभर उघडल्याचा ठिपका दिसला पाहिजे. काही कॅमेरे रोल नसताना शटर सोडत नाहीत, म्हणून जवळ एखादा वाया गेलेला रोल असलेला बरा. तो घालून दार बंद केले की मोटर फिल्म ओढते का, आकडा एकवर येतो का आणि शेवटी फिल्म पूर्ण परत गुंडाळते का, हे तिन्ही कळते. मोटरचा आवाज एकसारखा असावा. कुरकुर किंवा मध्येच थांबणे हे प्लास्टिकचे दातेरी चाक झिजल्याचे लक्षण. लेन्समध्ये मागून मोबाइलचा दिवा मारून समोरून तिरके पाहावे. धुळीचे चार कण फोटोत येत नाहीत, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू म्हणजे बुरशी आणि सगळीकडे दुधी पडदा म्हणजे आतला थर, आणि तो फोटो फिका पाडतो. शेवटी दाराच्या कडेची खाच बोटाने चाचपावी. तेथे उजेड अडवण्यासाठी काळा स्पंज लावलेला असतो आणि तीस-चाळीस वर्षांत त्याचा डांबरासारखा चिकट लगदा होतो. हा दोष मात्र घाबरण्यासारखा नाही. जुना लगदा स्पिरिटने पुसून नवी पट्टी लावणे घरी जमते.

कॅमेऱ्याचे अंग उघडणे ही वेगळी गोष्ट आहे. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टचा दाब साठलेला असतो आणि सेल काढल्यावरही तो बराच काळ टिकतो. हौसेने स्क्रू काढणाऱ्याला बसणारा झटका गंभीर असू शकतो, त्यामुळे अनुभव नसेल तर ते करू नये.

घाईघाईने घेताना आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते, ती म्हणजे फिल्मचा प्रकार. सगळेच छोटे फिल्म कॅमेरे ३५ मि.मी.चे नसतात. ११० आणि १२६ च्या काडतुसांचे, डिस्कचे आणि १९९६ मध्ये आलेल्या एपीएसचे (ॲडव्हान्स्ड फोटो सिस्टिम) कॅमेरे दिसायला आकर्षक आणि फारच स्वस्त असतात. एपीएसची फिल्म २०११ मध्ये बंद झाली, डिस्कची त्याआधीच. ११० ची नवी फिल्म मिळते, पण ती धुणाऱ्या प्रयोगशाळा कमी. हे कॅमेरे कपाटात ठेवायला ठीक आहेत. तारीख छापणाऱ्या मॉडेलांत अनेकदा कॅलेंडर २०१९ ला संपते. तारीख बंद ठेवावी किंवा, गंमत म्हणून, १९९८ लावून द्यावी.

वापरताना रोल ४०० चाच घ्यावा, भर उन्हाचा प्रवास सोडला तर. बहुतेक कॅमेऱ्यांत फिल्मचे टोक आतल्या लाल खुणेपर्यंत सपाट ठेवून दार लावले की पुढचे काम मोटर करते. टोक जास्त ओढले तर फिल्मला बाक येतो आणि ती अडकते. फुजीच्या बऱ्याच मॉडेलांत संपूर्ण रोल आधी बाहेर ओढला जातो आणि प्रत्येक फोटोनंतर तेवढी फिल्म डबीत परत जाते. आकडा उलटा उतरताना पाहून गोंधळू नये, कारण चुकून दार उघडले तर काढलेले फोटो डबीत सुरक्षित असतात, ही त्यातली सोय. व्ह्यूफाइंडर लेन्सच्या शेजारी असल्यामुळे जवळचा फोटो घेताना चौकट सरकते. आतल्या छोट्या कोपऱ्यांच्या खुणा त्यासाठीच आहेत, आणि मीटरभराच्या आत चेहरा त्या खुणांच्या आतच ठेवावा. विमानतळावरच्या सामान तपासणीचे नवे सीटी स्कॅनर फिल्मवर धुके आणतात, म्हणून रोल हातात देऊन तपासून घ्यावेत.

रंगीत निगेटिव्ह रोल सी-४१ या पद्धतीने धुतले जातात: डेव्हलपर सुमारे ३८ अंश सेल्सियसला, सव्वातीन मिनिटे, रोल १०० चा असो वा ४०० चा. म्हणून कोड झाकून आयएसओ बदलला असेल तरी दुकानात वेगळे काही सांगायची गरज नसते. कृष्णधवल हवे पण ते धुणारे जवळ नसतील, तर इलफर्डचा एक्सपी२ सुपर हा रोल याच रसायनांत धुता येतो. स्कॅन घेताना निगेटिव्हही परत मागावेत, कारण काही ठिकाणी न मागितल्यास ते टाकून दिले जातात, आणि स्कॅन खराब झाला तर पुन्हा करायला तेच लागतात.

संग्रहात पाच-सहा कॅमेरे झाले तर रोल एकाच वेळी एकाच, फार तर दोघांत असावा. भरलेला रोल महिनोन् महिने आत पडून राहिला की टिपलेली पण न धुतलेली प्रतिमा हळूहळू क्षीण होते, उष्ण जागेत जास्तच. बाकीच्यांतले सेल काढून ठेवावेत, कॅमेरे चामड्याच्या बंद पाकिटात न ठेवता उजेड-वाऱ्यात किंवा सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवावेत आणि महिन्यातून एकदा सेल घालून फ्लॅशसह चार-सहा वेळा शटर दाबावे, म्हणजे मोटर, पाती आणि कपॅसिटर आखडत नाहीत.